शिरसाटांची बोलकी डिस्क

एखादा माणूस कॉम्प्युटरच्या डब्याला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून, मूठ कानाला लावून, डोळे मिटून उकिडवा बसलेला दिसला तर तुम्ही काय समजाल? मला वाटलं, शॉक लागून चिकटला. मी मेन स्विचकडे धावणार तेवढ्यात त्या माणसानं डोळे न उघडता एक बोट वर केलं. शाळेत मास्तर वर्गाला गप्प करतात तसं. मी गप्प उभी राहिले. थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले आणि कमालीच्या समाधानानं म्हणाला, "बोलायलीय."

"कोण बोलतंय?"

"डिस्क, मॅडम. बोलायलीय ना? मग बास. मग हाय ती."

कंपनीतला माझा तो पहिला आठवडा होता, आणि ही आमच्या शिरसाटांची पहिली भेट.

आमची कंपनी चाकणला. गाड्यांना लागणारे पत्र्याचे लहानसहान भाग बनवते. मी स्टोअरला आहे. शिरसाट लातूरकडचे, ऐन तरुणपणी इकडे आले आणि मेंटेनन्सला फिटर म्हणून लागले. जुने फिटर मोटारीचं बेअरिंग असंच कानाला स्क्रूड्रायव्हर लावून ऐकतात आणि बिघाड कुठं आहे ते सांगतात. तिथवर ठीक होतं. पण कंपनीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला लावायला मोकळा प्लग नेमका शिरसाटांच्या बोर्डावर निघाला. "बोर्ड तुमचा, तर डबाही तुमचाच," असं तेव्हाचे साहेब म्हणाले आणि शिरसाट कंपनीचे कॉम्प्युटरवाले झाले. त्यांनी त्यातलं काही शिकलेलं नव्हतं. विचारत, चुकत, घाबरत जेवढं आलं तेवढं आलं.

त्यातही घाबरणं जरा जास्त. तसा माणूस भित्रा नाही. प्रेसखाली डोकं घालून बोल्ट आवळेल, पावसात पत्र्यावर चढून गळती बुजवेल. पण कॉम्प्युटरच्या एंटर बटणासमोर बसला की पार गळून जातो. "मॅडम, मशीन बिघडलं तर दिसतंय, धूर येतो, वास येतो. ह्याच्यात काय येतंय? एक बटण दाबायचं अन् सगळं गप. उगं रिस्क कामून घ्यायची?" हे त्यांचं तत्त्वज्ञान. आणि ते ऐकता ऐकता आपल्यालाही हळूच भीती वाटायला लागते, हा त्यांचा खरा त्रास. मी हल्ली घरी मोबाईल चार्जिंगला लावतानासुद्धा एकदा हात मागे घेते.

आता त्यांच्या मुख्य भीतीकडे येते. आमच्याकडे इन्स्पेक्शन रूममध्ये तयार पार्टचं माप घेणारं एक मोठं मशीन आहे. त्याला जोडलेल्या कॉम्प्युटरची जुनी डिस्क जरा रिकामी बसली की वीज वाचवायला आपली आपण झोपायची. म्हणजे आतली चकती फिरायची थांबायची. काम आलं की उठायची, पण डोळे चोळत. तेवढ्या वेळात मापाचा प्रोग्राम रुसायचा आणि अर्धवट मोजलेला पार्ट पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागायचा. यावर शिरसाटांनी एक उपाय शोधून ठेवला होता. एचडीपार्म नावाचा एक छोटा प्रोग्राम असतो. त्यात चित्र नाही, बटण नाही. काळा पडदा आणि त्यावर आपण लिहायची एक ओळ. त्या एका ओळीत डिस्कला सांगता येतं, किती वेळानं झोप, वीज किती जपून वापर, आणि काही जुन्या डिस्कना तर हेही सांगता येतं की गुपचूप हळू चाल किंवा आवाज करत जोरात चाल. शिरसाटांचा कौल कायम ठरलेला. झोपायचं नाही आणि आवाज करायचा.

पण ही सेटिंगं लाइट गेली की पुसली जातात. आमच्या भागात गुरुवारी सुट्टी आणि दुरुस्तीसाठी गुरुवारीच लाइट बंद. त्यामुळे दर शुक्रवारी सकाळी इन्स्पेक्शन रूममध्ये शिरसाटांचा विधी व्हायचा. स्टोअर शेजारीच, म्हणून त्यात माझाही पाट मांडलेला. ते खुर्चीवर बसत, ओळ लिहीत, आणि लिहून झाली की दोन्ही हात पाठीमागे बांधून घेत. चुकून एंटरला लागू नयेत म्हणून.

"वाचा मॅडम."

"एचडीपार्म, मायनस कॅपिटल एस, शून्य..."

"कॅपिटल हाय ना?"

"आहे."

"शून्यच हाय ना? ओ न्हाई ना?"

"शिरसाट, मला घरी जायचंय रिटायर व्हायच्या आत."

"परत एकदा वाचा."

मी परत वाचायची. चहावाला चहा ठेवून कप न्यायला परत यायचा, तरी शिरसाटांचे हात पाठीमागेच. शेवटी एकदाचं बोट पुढे यायचं, एंटर दाबलं जायचं, आणि लगेच स्क्रूड्रायव्हर कानाला. "बोलायलीय."

त्या प्रोग्रामबरोबर त्याची माहितीही येते, इंग्रजीत. त्यात मधूनमधून मोठ्या अक्षरांत लिहिलंय की हे फार धोक्याचं आहे, हे वापरायचा विचारसुद्धा करू नका. काही कमांड तर अशा की ‘मी काय करतोय ते मला कळतंय’ अशा अर्थाचे शब्द ओळीतच लिहून द्यावे लागतात, त्याशिवाय त्या हलत नाहीत. मी हसले. शिरसाट मात्र हात जोडायचे बाकी राहिले होते. "लिहिणारा माणूस जबाबदार हाय, मॅडम. आपल्यासारखाच भ्यायलेला दिसतोय." आणि मग गंभीर होऊन, "पण मला कळतंय असं मी लिहून देऊ? आमच्या घराण्यात असं कुणी लिहून दिलं न्हाई."

कंपनीतल्या डिस्कचं एवढं, तर घरच्या डिस्कचं काय विचारता. शिरसाट काळेवाडीला राहतात. घरात नवरा-बायको दोघंच. घरी एक जुना कॉम्प्युटर, आणि तो चोवीस तास चालू. घरात इन्व्हर्टर आहे, पण त्यावर पंखा नाही, ट्यूब नाही, फक्त तो कॉम्प्युटर. रोज जेवायच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी शिरसाट घरी फोन लावत. तिकडून काकूंनी उचलला की यांचा एकच प्रश्न.

"बोलायलीय का?"

मग ऐकत. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती सैल होत जायची. "बरं. जेव मग." फोन बंद, डबा उघडा.

अख्ख्या कँटीनला हा फोन पाठ होता. प्रेस शॉपचे पवार मावळातले, बोलायला एकदम मोकळे. ते म्हणायचे, "शिरसाटभाऊ, त्या डिस्कमधी हाय तरी काय राव? जिमिनीचे कागद हायती का सोन्याचा पत्ता?" कुणी म्हणायचं सिनेमे असतील, कुणी म्हणायचं जुन्या प्रेमाचे फोटो. शिरसाट डब्यातली शेंगाची चटणी सगळ्यांना वाढत आणि विषय तिथंच संपवत. काकूंना आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. कंपनीच्या कुठल्याच कार्यक्रमाला त्या येत नसत. विचारलं तर, "तिला गर्दी जमत न्हाई," एवढंच.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी सगळी मशीनं बंद करून, पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून पूजा करायची आणि दसरा होईपर्यंत कुठलंही हत्यार चालवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. शिरसाट दरवर्षी त्या एका कॉम्प्युटरला चालू ठेवूनच कुंकू लावायचे, पडदा तेवढा काळा करून. यंदा नवे प्लांट हेड आले होते, साने सर. माणूस चांगला, पण नीटनेटका. पूजेला फिरताना त्यांना डब्याचा आवाज ऐकू आला.

"हा का चालू?"

"सर, ही जुनी हाय. गुरुवारची कशीबशी उठतीय, दोन दिवस झोपली तर उठंल का न्हाई सांगता येत न्हाई."

"शिरसाट, दोन दिवसांच्या विश्रांतीनं कुणी मरत नाही," साने सर हसत म्हणाले आणि त्यांनी स्वतः बटण बंद केलं. आतला आवाज बारीक बारीक होत गेला. शिरसाट हातात कुंकवाचं ताट घेऊन उभे होते.

दसऱ्यानंतर पहिल्या सकाळी कॉम्प्युटर चालू केला आणि डिस्क उठली नाही. पडदा काळा. शिरसाटांचा स्क्रूड्रायव्हर कानाला, बोट वर, सगळं इन्स्पेक्शन श्वास रोखून. बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला. कंपनीचे मापाचे सगळे प्रोग्राम तिच्यात होते. साने सरांचा चेहराही उतरला. दुपारकडे कधीतरी आतून एक टक्क आवाज आला, मग घुंऽऽ करत ती फिरायला लागली. शिरसाट जमिनीवरच बसले.

त्याचा परिणाम उलटाच झाला. साने सर म्हणाले, असल्या डिस्कवर कंपनी चालवायची नाही. महिन्याभरात सगळीकडे नवे, टिफिनच्या डब्याएवढे कॉम्प्युटर आले, आत नव्या जातीची डिस्क. तिच्यात फिरणारं काही नसतंच, त्यामुळे आवाजही नाही. मापाच्या मशीनचा जुना डबा तेवढा राहिला, पण त्याच्याही आत नवी डिस्क बसवून सगळा माल तिच्यावर उतरवला. शिरसाटांनी सवयीनं स्क्रूड्रायव्हर लावला. बराच वेळ ऐकलं. मग घाबऱ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, ही मेलीय."

"अहो, पडद्यावर चाललंय सगळं."

"चालतंय खरं. पण ती हाय हे कळणार कसं?"

त्याच सुमाराला कँटीनमधला फोन बदलला. नेहमीचा प्रश्न विचारून झाल्यावर सुरकुत्या सैल झाल्याच नाहीत. "खोकायलीय? कवापासून? बरं, बरं. तू बसून रहा. आज उठूच नको." त्या दिवशी शिरसाटांनी डबा उघडला नाही. घरची डिस्क मधूनच अडखळत होती. जुन्या डिस्कची ती शेवटची पायरी, हे त्यांना ठाऊक होतं.

"नवी आणा ना एक," मी म्हटलं.

"आणली होती बाजारातून. कान लावला तरी ऐकू येत न्हाई. परत केली." मग खालच्या आवाजात, "मॅडम, आपली ती मापाच्या मशीनची जुनी डिस्क. तीच पायजे. घरच्यासारखीच हाय ती, आवाजाला."

एवढ्याशा मागणीत काय अडचण, असं मला वाटलं. पण साने सरांचा नियम होता. जुन्या डिस्क कंपनीबाहेर जाताना आतला माल कुणाच्या हाती लागू नये म्हणून टूलरूममध्ये त्यांना ड्रिलनं आरपार भोक पाडायचं. बाकीच्या डिस्कना भोकं पाडली तेव्हा शिरसाट भिंतीकडे तोंड करून उभे होते. ड्रिलचा आवाज झाला की त्यांचे खांदे वर जायचे. शेवटी मीच साने सरांकडे गेले. ते म्हणाले, "पूर्ण पुसून मला रिकामी दाखवा, मग खुशाल न्या. पण पुसायची शिरसाटांनी स्वतः. जबाबदारी त्यांची."

आणि पुसायची कमांड त्याच प्रोग्राममध्ये, त्या मोठ्या अक्षरांतल्या इशाऱ्यांच्या शेजारी.

त्यात आणखी एक पाचर होती. जुनी डिस्क बसेल असा डबा आता तो मापाच्या मशीनचाच उरला होता, आणि त्याच्या आत नवी डिस्क कंपनीचे सगळे प्रोग्राम घेऊन बसलेली. मशीनवाल्यांनी तिच्यावर सील लावलेलं, ते काढायची सोय नाही. म्हणजे एका डब्यात दोन डिस्क, पडद्यावर एकीचं नाव ए, दुसरीचं बी, आणि डबा पुन्हा चालू केला की ही नावं कधी कधी अदलाबदल करतात. चुकीच्या नावावर एंटर दाबलं तर कंपनीची मापं गेली आणि शिरसाटांची नोकरीही गेली.

शनिवारी शिफ्ट सुटल्यावर इन्स्पेक्शन रूममध्ये आम्ही दोघंच होतो. शिरसाटांनी पेनड्राइव्हवरून डबा चालू केला, काळा पडदा आला. डिस्कवरच्या चिकटपट्टीचा नंबर आणि पडद्यावरचा नंबर मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. जुळला. परत वाचला. परत जुळला.

"झालं, दाबा आता," मी म्हटलं.

"नंबर माणसानीच छापलेला असतोय, मॅडम."

"मग कशावर विश्वास ठेवणार तुम्ही?"

शिरसाटांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला. मग म्हणाले, "मी हिला झोपवतो."

त्यांनी समजावलं. नवी डिस्क मुकी आहे. तेव्हा जिचं नाव लिहून झोपायचा हुकूम दिला आणि आवाज थांबला, ती जुनी. यात चूक होणं शक्य नाही. फक्त झोपलेली परत उठली पाहिजे. दसऱ्याला काय झालं होतं ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. वर्षानुवर्षं जिला झोपू नको म्हणून हा माणूस सांगत आला, तिला तो स्वतःच्या हातानं झोपवणार होता. आणि ती उठली नाही, तर घरी न्यायला काही उरणार नव्हतं.

त्यांनी ओळ लिहिली. हात मागे. मी वाचली. हात पुढे आले, एंटर दाबलं गेलं, स्क्रूड्रायव्हर कानाला.

आवाज उतरत गेला आणि थांबला. एवढी शांत ती खोली मी कधी ऐकली नव्हती. शिरसाटांचं कपाळ घामानं भिजलं होतं. "हीच ती," ते पुटपुटले. मग तिला उठवायची ओळ लिहिली. एंटर. काही नाही. मी माझी पर्स छातीशी घट्ट धरून उभी होते, का ते मला सांगता येणार नाही. माझं त्या डिस्कमध्ये काय होतं? पण मला भीती वाटत होती, अगदी घरचं माणूस आत ऑपरेशनला असावं तशी. आणि मग टक्क. घुंऽऽ.

"बोलायलीय," मीच म्हणाले.

पुसायची कमांड एकदा सुटली की परत विचारत नाही. शिरसाटांनी डोळे मिटले आणि बटण दाबलं. तास दीड तास आम्ही दोन खुर्च्यांवर बसून राहिलो. शेवटी साने सर आले, त्यांनी नवी डिस्क ठणठणीत असल्याचं पाहिलं, जुनी रिकामी असल्याचं पाहिलं, आणि म्हणाले, "घ्या शिरसाट. पण हिचं करणार काय तुम्ही?"

"घरी लागायलीय, सर," शिरसाट म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले. "मॅडम, आज घरी येता का? बसवताना बॅटरी धरायला माणूस लागंल." मी थेरगावची, काळेवाडी वाटेतच. शिवाय त्या डिस्कमध्ये काय आहे ते कळल्याशिवाय मला झोप येणार नव्हती, हे खोटं कशाला सांगू. परत येताना डिस्क नॅपकिनमध्ये गुंडाळून डब्याच्या पिशवीत, पिशवी त्यांच्या मांडीवर. गतिरोधक आला की ते पिशवी अलगद हवेत उचलत आणि पुन्हा मांडीवर ठेवत. नाशिक रस्त्याला गतिरोधक आणि खड्डे यांची कमी नाही. काळेवाडी फाट्यापर्यंत त्यांचे दंड भरून आले असतील.

जिना अरुंद होता. आम्ही दुसऱ्या मजल्यावर पोचलो आणि बेल वाजवायच्या आत दार उघडलं.

"कुणीतरी संगं हाय," काकू म्हणाल्या. बारीक चणीच्या, नीट नेसलेल्या, हसऱ्या. बघत होत्या माझ्याकडे, पण नजर माझ्या खांद्याच्या जरा बाजूला होती.

मी नकळत त्या नजरेसमोर सरकले.

स्वयंपाकघराच्या दाराशी फळीवर तो कॉम्प्युटर होता, झाकण काढलेला, अडखळत घुमणारा. शिरसाटांनी चप्पल काढता काढता हळू आवाजात सांगितलं. शुगरनं डोळे गेले. आधी एक, मग दुसरा. जात होते त्याच काळात त्यांनी कमांड शिकायला म्हणून हा डबा घरी आणला होता. काकूंना त्याच्या आवाजावरून घर लागायला लागलं. आवाज समोर, म्हणजे उजवीकडे ओटा. आवाज पाठीशी, म्हणजे पुढं मोरी. रेडिओ लावून पाहिला, तर त्यात दारावरची बेल ऐकू येईना. घड्याळाची टिकटिक पुरेना. हाच आवाज जमला.

"अन् एक दिवस ही आपली आपण झोपली," शिरसाट म्हणाले. "मी कंपनीत. आवाज गेला, हिला दिशा कळंना, हात तव्यावर गेला. तवापासनं मी ती झोपू न देणारी कमांड शोधायला लागलो. कंपनीत वापरली ती नंतर."

"म्हणजे डिस्कमध्ये..."

"काय बी न्हाई मॅडम. रिकामी हाय."

पवारांना सांगितलं असतं तर ते आठवडाभर हसले असते. मला हसू आलं नाही.

त्यांनी घरची डिस्क बंद केली. घर गप्प झालं आणि शिरसाट बोलायला लागले. कंपनीत चार शब्दांवर न जाणारा माणूस अखंड बोलत होता. "आता हा डावा स्क्रू काढायलोय. निघाला. आता दुसरा. हा जाम हाय जरा. मी फळीपाशीच हाय बरं का. आता वायर काढली. मॅडम बॅटरी धरून उभ्या हायत तुझ्या खिडकीकडं." स्क्रू ओठांत धरले तेव्हा बोलता येईना, तर नाकातून गुणगुणत राहिले. काकू खाटेवर मांडीवर हात ठेवून शांत बसल्या होत्या.

कंपनीची डिस्क बसली. टक्क, घुंऽऽ. शिरसाट काकूंच्या तोंडाकडे बघत होते, निकाल लागायच्या दिवशी बघतात तसं.

"हिचा आवाज जाड हाय," काकू म्हणाल्या.

"चालंल?"

"चालंल की. ठसक्याची वाटायलीय."

शिरसाट भिंतीला टेकून बसले, चष्मा पुसला, उगाचच दोनदा पुसला. मग पाहुणीला चहा द्यायचा तर दूध नाही म्हणून पिशवी घेऊन खाली गेले. संध्याकाळ कलली होती.

ते गेले आणि थोड्याच वेळात लाइट गेली. इन्व्हर्टर खट्कन वाजला, पण तेवढ्या झटक्यात कॉम्प्युटर बंद पडला. आवाज उतरला, उतरला आणि संपला. खोलीत मिट्ट अंधार. शनिवारी एकदा झोपून उठलेली डिस्क आता परत उठेल का, आणि ही बाई इथं आवाजाशिवाय हलणार कशी? "काकू, तुम्ही जागच्या उठू नका," मी म्हटलं.

फोन वाजला. काकूंनी तो उशाजवळून उचलला. शिरसाट धापा टाकत होते, मला इथपर्यंत ऐकू आलं. "लाइट गेली. बोलायलीय का?"

खोलीत चिटपाखरूही बोलत नव्हतं.

"बोलायलीय," काकू म्हणाल्या. "सावकाश या. जिन्यात अंधार हाय."

फोन ठेवून त्या उठल्या. माझ्या अंगावरून, कशालाही न चाचपडता, सरळ फळीपाशी गेल्या. बटण दाबल्याचा आवाज आला. टक्क. घुंऽऽ.

"इन्व्हर्टर लागता लागता बंद पडतीच ही," त्या म्हणाल्या. "नेहमीचंच हाय. मी चालू करते. पुढची कमांड पेनड्राइव्हवरून ती आपली आपण घेतीय, त्यांनीच करून ठेवलंय तसं. त्यांना वाटतंय, आपल्या घरची कधी बंदच पडली न्हाई."

"पण काकू, आवाज नसताना तुम्ही आत्ता..."

"पयल्यांदा लागायचा आवाज. आता घर पाठ झालंय, ताई." अंधारात त्यांनी ओट्यावरून भांडं घेतलं, पाणी ओतलं, एक थेंब सांडल्याचा आवाज नाही. "पण त्यांना रोज सकाळी मला एकटीला सोडून जायचं असतंय. पाय निघत न्हाई त्यांचा. ही बोलायलीय म्हणलं की तेवढाच धीर. तुमी सांगू नका त्यांना."

जिन्यात पावलं वाजली, भरभर. शिरसाट आले, दुधाची पिशवी माझ्या हातात कोंबली आणि तसेच फळीशी जाऊन उकिडवे बसले. खिशातला स्क्रूड्रायव्हर डब्याला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. आम्हाला गप्प करायला त्यांनी एक बोट वर केलं.

आम्ही दोघी गप्प बसलो.

"बोलायलीय," ते म्हणाले.

"मग बास," काकू म्हणाल्या आणि दुधाच्या पिशवीसाठी माझ्याकडे हात पुढे केला.